हिरेमठ अप्पांच्या हरकती

'हरकत नाही' हे दोन शब्द हिरेमठ अप्पांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. आपण दिवसातून वीस वेळा म्हणतो. चहात साखर कमी पडली, हरकत नाही. उशीर झाला, हरकत नाही. अप्पा समोर असले की असं म्हणणाऱ्याची पंचाईत व्हायची. ते चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "विचार करून म्हणालात, की नुसतंच म्हणालात?"

शुक्रवार पेठेत आमचं वाचनालय होतं. खाली सुताच्या गाठोड्यांचं गोदाम, वर दोन खोल्या आणि एक दिवाणखाना. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास अप्पा दिल्लीहून निवृत्त होऊन आले आणि रोज सकाळी नऊला वाचनालयात बसू लागले. सोलापूरच्या उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, कपाळावर विभूती, हातात छत्री. बसण्याआधी खुर्ची हलवून बघायचे. वर्तमानपत्र आलं की आधी शेवटचं पान वाचायचे, कारण पहिल्या पानावर लोकांनी वाचावं असं छापणाऱ्याला वाटतं तेवढंच असतं, असं त्यांचं मत. जोंधळे घ्यायला गेले की पोत्यात वरचे दाणे न बघता कोपरापर्यंत हात घालून तळातले काढायचे आणि दाताखाली फोडायचे. दुकानदार म्हणायचा, "अप्पा, एवढा संशय बरा न्हाई." अप्पा म्हणायचे, "बरा माल असला तर संशयानं काय बिघडतंय? बिघडलंच, तर मालात हाय म्हणायचं."

त्यांची माझी ओळख झाली तीही अशीच. मी एका खासगी शाळेत आठवीला नागरिकशास्त्र शिकवायचे आणि वाचनालयात बसून टाचण काढायचे. एकदा मी लिहीत होते, 'राष्ट्रपतींची सही झाली की विधेयकाचा कायदा होतो.' मागून आवाज आला.

"आणि सही नाही केली तर?"

मी दचकून वळून बघितलं. अप्पा माझ्या वहीत वाकून बघत होते. दुसऱ्याच्या वहीत बघणं त्यांना गैर वाटत नसे.

"तसं होतं का कधी?" मी विचारलं.

"होऊ शकतं. धन विधेयक नसलं तर परत पाठवता येतं. एक निरोप लिहायचा, की अमुक कलमाचा पुन्हा विचार करा. तो निरोप सभागृहात वाचून दाखवतात. विधेयक पटलावर ठेवतात. मग दोन दिवसांची सूचना देऊन कुणीतरी प्रस्ताव मांडायचा. चर्चा करायची ती निरोपातल्या मुद्द्यांवर, बाकीचं भांडण उकरायचं नाही. पटलं तर दुरुस्ती करा, नाही पटलं तर जसं होतं तसं ठेवा. शेवटी मतदान. आणि त्या प्रस्तावात एक शब्द पाहिजेच, बाई. 'पुन्हा'. विधेयक पुन्हा संमत करण्यात यावं. दोन्ही सभागृहांनी पुन्हा संमत केलं की राष्ट्रपतींना सही रोखता येत नाही. हौदल्ला?"

हे 'हौदल्ला' त्यांच्या कानडीतलं. 'होय ना' असा त्याचा अर्थ. पण त्यांच्या तोंडी ते उलटतपासणीसारखं यायचं.

"असं किती वेळा झालं?"

"माझ्या नोकरीत? एकदाही नाही."

संसदेच्या कचेरीत विधेयकांच्या शाखेत त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली होती. परत आलेल्या विधेयकांची फाइल त्यांच्या कपाटात होती. वर नीट अक्षरात नाव घातलेली, आत कोरी. दर सोमवारी ते ती झटकून ठेवायचे. बरोबरचे कारकून चेष्टा करायचे, "हिरेमठजी, आज भी खाली?" अप्पांना चेष्टेचं काही नव्हतं. त्यांना त्या कोऱ्या फाइलचाच संशय यायचा. "इतकी विधेयकं गेली आणि एकातही परत विचारावं असं काही निघालं नाही? बिनहरकत आलेला कागद मी उजेडात धरून बघतो, बाई."

बहात्तर साली वाचनालयाची नोंदणी करायची ठरली आणि घटना लिहायचं काम अप्पांकडे गेलं. दुसरं कुणी तयारच नव्हतं. त्यांनी चौतीस कलमं लिहिली. त्यातल्या सतराव्या कलमात होतं की कार्यकारी मंडळाचा ठराव अध्यक्षांना पसंत नसेल, तर त्यांनी पंधरा दिवसांच्या आत कारणं लिहून एकदा तो परत पाठवावा. मंडळानं त्या कारणांना उत्तर देऊन ठराव पुन्हा संमत केला, तर अध्यक्षांनी सही केलीच पाहिजे. सगळे हसले. वाचनालयात ठराव कसले होणार? झाडू आणायचा, दिवाळी अंक आणायचे.

"ही पंधरा दिवसांची मुदत दिल्लीच्या घटनेत आहे का?" मी विचारलं होतं.

"नाही. शक्य तितक्या लवकर, एवढंच आहे. तिथंच मला शंका आहे," अप्पा म्हणाले. "म्हणून इथं आकडा घातला."

पंचाहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. पेठेत बोलणं कमी झालं. गिरणीतले दोन कामगार पुढारी दिसेनासे झाले. वाचनालयात एक नवाच माणूस यायला लागला. टेरिलीनचा बुशशर्ट, पायात बूट. तो एकच पान तासभर वाचायचा. कोण होता ते मला आजतागायत कळलं नाही. आम्ही एकमेकांशी हवापाण्याचं बोलायचो आणि त्याच्याकडे बघायचं टाळायचो. अप्पा मात्र त्याच्या समोरच जाऊन बसले आणि म्हणाले, "हे पान झालं असेल तर द्या."

अप्पांना एक सवय होती. खिशात एक छोटी वही असायची. कुणी काही बोललं की तारीख टाकून ते लिहून ठेवायचे. आधी आम्हाला त्याचं हसू यायचं. आता येईना. माझे यजमान कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, शनिवारी घरी यायचे. ते एकदा म्हणाले, "त्या दिल्लीवाल्यापासून जरा जपून राहा. लोक काय काय बोलतात." मी म्हटलं, काहीतरीच. पण ते मनात जाऊन बसलंच.

अशात ठराव आला. आमच्या वाचनालयात बिडी वळणाऱ्या काही बायका अधूनमधून डोकावायच्या. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू बायका. त्यातली एक अनसूयम्मा. सकाळी कारखान्यात तयार बिड्या देऊन परत जाताना डोक्यावर रिकामं सूप घेऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "बाई, तेलुगू पुस्तक न्हाई का एकबी?" तिला तेलुगू झरझर वाचता यायचं. बाकीच्यांना येत नव्हतं, पण ऐकायचं होतं. अप्पा चिटणीस होते, मी सहचिटणीस. मी ठराव मांडला, की दर रविवारी दुपारी दोन ते पाच दिवाणखाना फक्त बायकांसाठी उघडा ठेवावा आणि तेलुगू पुस्तकांचं एक कपाट करावं. ठराव एकमतानं झाला. मी खूश. अप्पा जिना उतरताना म्हणाले, "एकमतानं? म्हणजे कुणी ऐकलंच नाही."

त्यांचं खरं निघालं. तेराव्या दिवशी ठराव परत आला. आमचे अध्यक्ष खालच्या गोदामाचे मालक, सुताचे व्यापारी, मोठे सभ्य गृहस्थ. मी शिकवत होते त्या शाळेच्या मंडळावरही ते होते, आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्यांनी टंकलिखित पत्रात तीन हरकती लिहिल्या होत्या. एक, सध्याच्या परिस्थितीत कामगार बायकांनी असं जमणं कायद्याला धरून आहे का. दोन, तेलुगू पुस्तकांत काय लिहिलंय हे मंडळात कुणाला समजणार. तीन, या बायका कोण, त्यांची नावं-पत्ते मंडळाकडे आहेत का.

मी पत्र वाचून गळूनच गेले. अप्पांनी ते दोनदा वाचलं, उलटून मागची बाजू बघितली, आणि त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका उजळला.

"लिहून पाठवलंय," ते म्हणाले. "कारणं दिलीत. हे चांगलं झालं. आता उत्तर देता येईल."

बाकीच्यांना उत्तर देण्यात काही रस नव्हता. तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, राहू द्या ना बाई. अप्पांनी मात्र कामाला सुरुवात केली. आधी त्यांनी पत्रातली वाक्यं वहीत उतरवली, प्रत्येकाखाली चार ओळी मोकळ्या सोडून. मग मला म्हणाले, "तिसऱ्या हरकतीसाठी यादी लागेल. बायकांची नावं, पत्ते."

यादी माझ्याकडे होती. एकोणीस नावं, शाळेच्या हजेरीच्या वहीत मागच्या पानावर. मी म्हटलं, "करून देते."

त्याच मंगळवारी शाळेतून येताना मी अप्पांना पोलीस चौकीच्या दारातून बाहेर पडताना बघितलं. काळा कोट, छत्री. चुकायचा प्रश्नच नव्हता. दारातला शिपाई त्यांच्याशी हसून काही बोलला. मी भिंतीच्या आडोशाला थांबले, ते वळून गेल्यावरच निघाले. वही, दिल्ली, यादी. सगळं एका ओळीत येऊन बसलं.

बुधवारी त्यांनी यादी मागितली. मी म्हटलं, राहिली करायची. गुरुवारी म्हटलं, दोन पत्ते मिळायचेत. शुक्रवारी मी काही बोलायच्या आधीच त्यांनी वही मिटली.

"यादी आहे. तुम्ही देत नाही."

मी हजेरीची वही जवळ ओढली.

"कारण सांगा."

वाचनालयात आम्ही दोघंच होतो. टेरिलीनवाला त्या दिवशी आला नव्हता. मी सगळं बळ गोळा करून म्हटलं, "अप्पा, मंगळवारी तुम्ही पोलीस चौकीत कशाला गेला होता?"

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चारपदरी घडी केलेला कागद काढला. त्यांच्याच हातचा अर्ज होता. 'वाचनालयात स्त्रियांनी बसून पुस्तके वाचण्यास मनाई करणारा काही लेखी आदेश असल्यास त्याची नक्कल मिळावी.' खाली आवक शिक्का.

"पहिल्या हरकतीचं उत्तर," अप्पा म्हणाले. "दोनदा गेलो, घेईनात. तिसऱ्यांदा शिक्का मारला. एक पोरगं हसलं, म्हणालं, आजोबा, असलं कोण विचारतं का?"

"आणि उत्तर?"

"नाही यायचं. पण विचारलं होतं, हे कागदावर राहिलं." त्यांनी अर्जाची पुन्हा घडी घातली. "तुम्ही माझ्यावर संशय घेतलात, त्याचं मला वाईट नाही वाटत. पण चार दिवस तो खिशात घालून फिरलात, ते वाईट. राष्ट्रपतींनी हरकत लिहून विधेयक परत पाठवलं, तर माणूस उत्तर देतो. सहीही नाही, परतही नाही, नुसतं ठेवून दिलं, तर कुणाला उत्तर देणार? मी तुम्हाला काय उत्तर देणार होतो?"

मला रडू यायला लागलं. मी वही उघडली आणि यादीचं पान त्यांच्याकडे फिरवलं. त्यांनी पानावर चटकन पालथा हात ठेवला.

"नको. दाखवू नका."

"का?"

"तुमची शंका बरोबर आहे, म्हणून. माझ्याकडे आली तर मी ती इतिवृत्ताला जोडणार. इतिवृत्त कपाटात राहणार. कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, मला माहीत नाही. एवढा मी विचार केला नव्हता." ते ओशाळल्यासारखे झाले. "यादी तुमच्याकडेच राहू द्या. उत्तर मी बदलतो."

सभा रविवारी सकाळी झाली. मंडळाचे आठ जण आणि अध्यक्ष. अप्पांनी उभं राहून आधी अध्यक्षांचं पत्र वाचून दाखवलं, सावकाश, अगदी आदरानं. मग म्हणाले, "आज या तीन मुद्द्यांपलीकडे कुणी बोलायचं नाही." पहिल्या मुद्द्याला त्यांनी शिक्क्याचा अर्ज पुढे ठेवला. तो हातोहात फिरला. दोघांनी तो बोटांच्या टोकांनी धरला.

दुसऱ्या मुद्द्याला ते म्हणाले, "तेलुगू मंडळात कुणाला येत नाही, हे अध्यक्षांचं म्हणणं खरं आहे. म्हणून मी दुरुस्ती सुचवतो. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव आणि त्यात काय आहे, हे मराठीत लिहून ठेवावं. ते सांगायला जाणकार बाहेर बसल्यात."

जिन्यावर बसलेली अनसूयम्मा आत आली. धुतलेलं लुगडं, बोटांना तंबाखूचा वास. हातात कपाटासाठी दान मिळालेल्या तेलुगू पुस्तकांपैकी एक होतं. अध्यक्ष म्हणाले, "हे कशाबद्दल आहे?"

"गर्भार बाईनं काय खावं, काय न्हाई खावं, त्याचं हाय."

"सगळं तेच आहे?"

"मागं बाळंतपणाचं हाय. कळा कशा येतात त्ये. वाचू का सगळं? लई बारीक लिवलंय."

"नको, नको," अध्यक्ष घाईनं म्हणाले. कुणीतरी खोकलं. अनसूयम्मा तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, आमी दिवसभर मान खाली घालून बिडी वळतो की. कुणीतरी वाचून दावलं तर तेवढी मान वर हुईल. दुसरं काय न्हाई आमचं."

तिसऱ्या मुद्द्याला अप्पांनी एकच ओळ वाचली. 'नावे सहचिटणीस यांच्याकडे आहेत व तेथेच राहतील.' अध्यक्ष माझ्याकडे वळले. आवाज मऊच होता.

"बाई, द्या की यादी. तुमच्यावर कशाला जबाबदारी?"

तो प्रश्न वाचनालयातला नव्हता, शाळेतला होता, हे आम्हा दोघांनाही कळलं. मी म्हटलं, "राहू दे माझ्याकडे."

मतदान झालं. पाच बाजूनं, तीन विरुद्ध. मागच्या वेळी ज्यांनी हसत हात वर केले होते, त्यातलेच तीन विरुद्ध गेले. मला ते लागलं. अप्पा मात्र पाच-तीन हे आकडे वहीत लिहिताना खुशीत होते. "आता खरा झाला ठराव," ते पुटपुटले.

मी इतिवृत्त लिहून सहीसाठी पुढे सरकवलं. ते अध्यक्षांपर्यंत पोचायच्या आत अप्पांनी वाटेत धरलं, वाचलं आणि माझ्या कानाशी वाकले.

"बाई, 'ठराव संमत' असं लिहिलंय. 'पुन्हा' कुठं आहे? हा नवा ठराव झाला. अध्यक्ष आणखी पंधरा दिवसांत तो परत पाठवतील." मग आवाज आणखी खाली आणून, "विसरलात, की कुणी विसरायला सांगितलं?"

माझ्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. "विसरले," मी म्हटलं. "शपथ. आणि अप्पा, तोंडावर विचारलंत, ते बरं केलंत."

त्यांनी मान हलवली. मी काकपदाची खूण करून वर 'पुन्हा' लिहिलं आणि शेजारी सही केली. अध्यक्षांनी ते सगळं बघितलं होतं. ते खिसे चाचपत राहिले. पेन सापडेना. अप्पांच्या कोटाला दोन पेनं अडकवलेली होती, पण ते जागचे हलले नाहीत. आपलं पेन ते कुणालाच देत नसत. शेवटी अध्यक्षांनी टेबलावरचा टाक घेतला, सही केली आणि म्हणाले, "हिरेमठ, तुम्ही दिल्लीला असायला पाहिजे होतं."

"होतो की," अप्पा म्हणाले.

पुढच्या रविवारपासून बायका येऊ लागल्या. आधी सात, मग बारा. तिसऱ्या रविवारी दोन माणसं येऊन कपाट बघून गेली. अनसूयम्मानं सांगितलेली आणि मी मराठीत लिहिलेली पुस्तकांची वही त्यांनी पानापानानं चाळली. बायकांची नावं विचारली. मी म्हटलं, अध्यक्षांची सही आहे बघा ठरावावर. सही बघून ते गेले. त्यांना कुणी पाठवलं होतं, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

पुढच्या जूनमध्ये मला शाळेनं कायम केलं नाही. नोकरी संपली, एवढंच कळवलं, कारण दिलं नाही. अप्पांनी मला लेखी कारण मागायला लावलं. मी मागितलं. उत्तर आलं नाही. ते महिनाभर रोज विचारायचे, "आलं का?" मी नाही म्हटलं की त्यांचं तोंड उतरायचं, जणू ती फाइल त्यांच्या कपाटात होती. मला दुसऱ्या शाळेत जागा मिळायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात कधीकधी मला अप्पांचा रागही आला. तो मी त्यांना तोंडावर सांगितला. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि त्याखाली उत्तर म्हणून काही जोडलं नाही.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल, तेव्हा मी त्यांना शेवटचं बघितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांवर हिरवा चष्मा होता. आठवडाभरात मुलीकडे गुलबर्ग्याला जायचं ठरलं होतं, हे मला नंतर कळलं. रविवारची दुपार होती. मी जिना चढत होते आणि अप्पा वरून खाली येत होते, एकेक पायरी पायानं चाचपत.

"काय झालं?" मी विचारलं.

"पेपर वाचायला आलो होतो. आत सोडत नाहीत."

वर दारात अनसूयम्मा उभी होती. ती जिन्यातूनच ओरडली, "बायकांचा टाइम हाय अप्पा! पाचला या की!"

मी म्हटलं, "थांबा, मी पेपर खाली आणून देते."

"वाचनालयाचा पेपर बाहेर न्यायचा नाही," ते म्हणाले. "नऊ नंबरचं कलम बघा."

ते रस्ता ओलांडून समोरच्या सायकलच्या दुकानाच्या बाकावर जाऊन बसले. बसण्याआधी बाक हलवून बघितला. वर गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. दिवाणखान्यात अनसूयम्मानं वाचायला सुरुवात केली होती आणि बायका मधूनच मोठ्यानं हसत होत्या. तेलुगूतलं ते अप्पांना एक अक्षर कळत नव्हतं. छत्री गुडघ्यांमध्ये धरून, मान वर करून, ते ऐकत बसले होते. पाच वाजायला अजून दीड तास होता. ऊन बाकाजवळ आलं, तेव्हा त्यांनी पाय जवळ घेतले आणि चपला सावलीत ओढल्या.